दशांशानंतरचा तिसरा अंक

क्लब फेअरला आम्हाला जिन्याखालचं टेबल मिळालं.
समोर मार्केटिंगवाल्यांनी खराखुरा ससाणा आणलेला,
डोळ्यांवर चामड्याची टोपी,
फुगा फुटला की मान वळवायचा.
आमच्याकडे एक वही, दोरीला बांधलेलं पेन
आणि पाटी : फायनान्स क्लब, सभासद हवेत.
सव्वीस नावं आली.
पहिल्या सभेला अकरा जण.
दुसरीला गणपूर्तीसाठी मुझनानं
कॅन्टीनमधून दोघांना खेचून आणलं, हातात ताट तसंच.

मुझना अध्यक्ष. निझवाची. बोलते भराभर, सही करते सावकाश.
मी खजिनदार.
एसी जरा कमी करा, हे सांगायला
मी हात वर केला होता.

इथल्या पैशाला दशांशचिन्हानंतर तीन घरं.
रियालाचे बैसा हजार.
बाबांना मस्कतात तेवीस वर्षं झाली
तरी तिसऱ्या घरापाशी त्यांचं बोट अडतं,
ओळख नसलेल्या पाहुण्याला
चहा विचारावा की नाही, तसं.
घालाच्या गोदामात ते गॅस्केट मोजतात, व्हॉल्व्ह मोजतात,
रुवीत घरी येताना जिन्याच्या पायऱ्या.
एकोणचाळीस. रोज एकोणचाळीसच.

मार्चमध्ये आम्ही स्टॉल लावला :
पराठ्यात चीज नि चुरलेले चिप्स, सोबत करक चहा.
अल-यक्झान तव्यापाशी उभा राहून
मागणी-पुरवठ्यावर भाषण देत होता,
तेवढ्यात दोन पराठे करपले.
तीन वाजता सगळं संपलं.
जमा एकसष्ट रियाल दोनशे बैसा,
खर्च अठरा रियाल तीनशे पंच्याण्णव.
उरायला हवेत बेचाळीस, आठशे पाच.
पेटीत बेचाळीस, आठशे.

पाच बैसा.
मुझना म्हणाली, पाच बैसाला आता
वाराही विकत मिळत नाही, लिहून टाक काहीतरी.
मी तिसऱ्यांदा मोजलं. पाचव्यांदा मोजलं.
रात्री बाबांच्या खणातून,
जुन्या किल्ल्या, पासपोर्ट फोटो, रबरबँड
यांच्या तळातून
एक काळवंडलेलं पाच बैसाचं नाणं काढलं
आणि सकाळी पेटीत टाकलं.
हिशोब जुळला.
मला काही बरं वाटलं नाही.

अल-रियामी सर आमचे सल्लागार.
त्यांनी पेटी उघडली, ते नाणं चिमटीत धरलं,
उजेडात फिरवलं.
हे कुठून आलं? दुकानात तर हे हल्ली कुणी देत नाही.
मी गप्प.
तूट भरलीस, ते म्हणाले. सापडली का?
एवढंच. मग फाइल मिटून
माझ्याकडे सरकवली, हलकेच,
जेवण उरलेलं पान परत करावं तशी.

दुपारभर मी पावत्या पसरून बसले.
गॅसची, पेपर कपांची, चीजची.
शेवटी मैद्याची : चार रियाल तीनशे पंच्याण्णव.
आम्ही दिले होते चार रियाल चारशे.
किराणावाल्यानं पाच बैसांऐवजी
पुदिन्याची एक गोळी दिली होती.
मला ती आठवली. हिरवा कागद.
पेटीच्या कोपऱ्यात कागद होता.
गोळी नव्हती.

मी खाल्ली, मुझना म्हणाली.
आणि पहिल्यांदाच तिला पुढचं वाक्य सुचेना.
मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली.
मी लिहीत गेले, ती वाचत गेली :
सुट्ट्याऐवजी मिळालेली गोळी, एक.
किंमत शून्य दशांश शून्य शून्य पाच.
अध्यक्षांनी सेवन केली.
तिनं खाली सही केली, नेहमीपेक्षाही सावकाश,
आणि पर्समधून शंभर बैसांचं नाणं काढून
विचारलं, सुट्टे आहेत?

नव्हते.

ते येणं अजून वहीत आहे.
पुढच्या वर्षीचा खजिनदार बघेल.
बाबांचं नाणं मी परत खणात ठेवलं,
त्यांनी विचारायच्या आत.
रात्री ते किल्ली शोधत होते.
खण ढकलताना थबकले,
म्हणाले, हे वर कसं आलं?